अकरा वेळा उताणी

कुणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी एका तळ्याकाठी कोळ्यांचं गाव होतं. गोष्टीतलं गाव चांगलं होतं असं सांगायची रीत असते. मी तसं सांगणार नाही. जिथे लोक शेजाऱ्याच्या टोपलीत डोकावून मासे मोजतात, ते गाव कितपत चांगलं, हे तुम्हीच ठरवा.

तळ्यात विसेक खोल डोह होते, बाकी सगळं उथळ पाणी आणि लव्हाळी. मोठा मासा डोहात राहायचा. भांडणं नकोत म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. दोन होड्यांची एक जोडी आणि दर जोडीला एक डोह. रोज सकाळी जोडीने काठावर कवडी टाकायची. उताणी पडली तर त्या दिवशी डोह एकाचा, पालथी पडली तर दुसऱ्याचा. हरलेल्याने लव्हाळीत जाळं टाकायचं आणि कुरकुर करायची नाही. लव्हाळीत जाळं सगळेच टाकत. कुरकुर न करणं मात्र कुणाला जमलं नव्हतं.

अशाच एका जोडीत एक विधवा होती. नवरा गेल्यावर तिने स्वतः वल्हं हाती घेतलं होतं. तिचा जोडीदार एक मिशाळ कोळी. उताणी तिची, पालथी त्याची, असं ठरलेलं होतं.

एकदा काय झालं, कवडी उताणी पडली. दुसऱ्या दिवशीही उताणी, तिसऱ्या दिवशीही. मिशाळ हसून म्हणाला, "वैनी, चंगळ हाय तुमची." पाचव्या दिवशी तो हसला नाही. आठव्या दिवशी त्याने कवडी उचलून चावून पाहिली. नवव्या दिवशी नवी कवडी आणली. ती उताणी पडली. दहाव्या दिवशी त्याने कवडी स्वतःच्या हाताने टाकली. तीही उताणी. अकराव्या दिवशी गाव गोळा झालं, बाईचे हात धुवून तिला दूर उभं केलं, आणि कवडी पुन्हा उताणीच पडली.

खरं सांगू? मी तिथे असतो तर मीही तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं असतं.

बाराव्या दिवशी कवडी पालथी पडली. तुम्हाला वाटेल, संशय फिटला. छे! मिशाळ ओरडला, "बघितलं? गाव बघतंय म्हणून भ्याली! आपणहून हरली!" संशयाचं असंच असतं. जिंकलात तरी चोर, हरलात तर पोचलेले चोर.

प्रकरण गावाच्या नाईकाकडे गेलं. मिशाळ म्हणाला, "अकरा येळा? येवढा योगायोग नसतो. जी कवडीशी लबाडी करती, तिची होडी गावानं काढून घ्यावी." नाईकाने होकाराची मान हलवली. होडी गेली की तळ्यावरचा हक्क जाणार, आणि हक्क नसलेल्याला त्या गावात घर ठेवता येत नसे. बाई आठवडाभर म्हणत होती तेच पुन्हा म्हणाली, "देवाशपथ, मी कायबी केलं न्हाई!"

तेव्हा जाळी विणणारी, सगळ्या गावाची आत्या पुढे आली. आत्या गावात सर्वांत म्हातारी. डोळे अधू झालेले, पण बोटांनी जाळ्यातली एकेक गाठ ओळखायची. ती म्हणाली, "नाईका, होडी काढायची ती काढ. पन आधी दोन दिवस मला दे. घराघरानं शंभर येळा कवडी टाकावी. उताणी पडली की दोऱ्यात शिंपला ओवायचा, पालथी पडली की चिंचोका. माळ जशी व्हईल तशी मला आणून द्यावी."

"त्यानं काय व्हनार?" मिशाळने विचारलं.

"कळंल की," आत्या म्हणाली.

दोन दिवसांनी चाळीस घरांच्या चाळीस माळा आल्या. आत्या उन्हात बसून एकेक माळ बोटांखालून सरकवू लागली. पस्तीस माळा तिने उजवीकडे ठेवल्या, पाच डावीकडे.

"ह्या पाच खोट्या हायेत," ती म्हणाली. "ह्यांनी कवडी टाकलीच न्हाई. घरात बसून मनानंच ओवलंय."

गाव चमकलं. पाचातली एक माळ मिशाळची होती. त्याचा चेहरा लाल झाला. "कशावरनं?"

"त्या पस्तिसांत बघ, कुठं सहा शिंपले एका रांगेत, कुठं सात चिंचोके. एकीत तर सलग नऊ हायेत. आणि तुझी माळ? दोन शिंपले, एक चिंचोका, एक शिंपला, दोन चिंचोके. तिनाच्या वर तुझा हात गेलाच न्हाई. तुला वाटलं, इतकं सलग कसं पडंल? म्हनून तू मधीमधी बदलत गेलास. कवडी असं मधीमधी बदलत न्हाई, बाबा."

"समदं थोतांड हाय!" मिशाळ म्हणाला.

"मग टाक हितंच, समद्यांम्होरं."

मिशाळने कवडी घेतली. गाव मोठ्याने मोजू लागलं. चाळिसापर्यंत काही विशेष घडलं नाही. मग पालथी पडली, पुन्हा पालथी, पुन्हा पालथी. मोजणारे आवाज हळू होत गेले. सहावी पालथी. सातवी. आठवी. नववीही पालथी पडली, तशी गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ह्याचा हात धरा रे! बाही बघा ह्याची!" आणि चार जण धावले.

"अरं, मी कायबी केलं न्हाई!" मिशाळ कळवळून म्हणाला. "देवाशपथ, कायबी केलं न्हाई!"

बोलून झाल्यावर त्याने वळून बाईकडे पाहिलं. अगदी हेच शब्द त्याने आठवडाभर त्या बाईच्या तोंडून ऐकले होते.

आत्या नाईकाला म्हणाली, "गावात वीस जोड्या. वर्सानुवर्सं रोज कवडी टाकत्यात. कधीतरी कुनाचं तरी अकरा येळा सलग पडनारच. औंदा हिचं पडलं, येवढंच."

नाईकाने पुन्हा मान हलवली. करणार काय? डावीकडच्या पाच माळांत एक त्याचीही होती.

निवाडा फिरला. बाईची होडी तिच्याकडेच राहिली. खोटी माळ आणणाऱ्या पाचांना, नाईक धरून, वर्षभर कवडी टाकायला बंदी झाली. त्यांच्या जोडीदारांना रोज डोह मिळाला आणि या पाचांनी रोज लव्हाळीत जाळं टाकलं. लोक पुन्हा टोपल्यांत डोकावून मासे मोजू लागले. गावं इतक्या सहज सुधारत नाहीत.

बाई मात्र संध्याकाळी आत्याकडे आली. होडी वाचली होती, तरी चेहरा उतरलेला होता.

"आत्या, ते गेल्यापासनं मला वाटायचं, माज्याकडं बघनारं कुनी न्हाई. ते अकरा दिवस वाटलं, देवीनं माजी ओंजळ भरली. मंजी ते बी खरं न्हवतं?"

आत्याला वाईट वाटलं. पण ती खोटं बोलली नाही. "न्हाई, पोरी. कवडीला तुजं नावबी ठावं न्हाई. तुज्यावर तिची माया न्हाई, आनि त्याच्यावर रागबी न्हाई."

बाई थोडी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मंजी आजवर होडी मीच वल्हवलीय."

"तूच," आत्या म्हणाली.

लहानथोर हो, ध्यानात ठेवा: एकसारखं दान सलग पडत राहतं ते निव्वळ योगायोगाने, त्याला देवाची कृपा समजू नये आणि माणसाचं पापही समजू नये.