बुधवारच्या घटकेची कहाणी

ऐका बायांनो, विसावाईची कहाणी. हातातल्या वाती खाली ठेवा. चुलीवर कुणी काही ठेवून आली असेल तर आताच उतरवून या, मधेच उठायचं नाही.

नगर होतं आटपाट. नगराच्या वेशीजवळ एक कोष्टीण राहत असे, तिचं नाव धोंडाई. नवरा देवाघरी गेला. मागं काय ठेवलं? एक माग, एक जुनी पोथी, थोडी अक्षरओळख आणि एक लेक. लेकीचं नाव मथू.

धोंडाईला विसावाईचा, विसाव्याच्या देवीचा वसा होता; लेकीनंही तो घेतला. वसा कसला? सोपाच, म्हणून तर कुणाला जमत नाही. दर बुधवारी दुपारची जेवणं व्हावीत, उष्टी निघावीत. मग घटकाभर कुणाच्या हाकेला ओ देऊ नये. कोमट पाण्यानं पाय धुवावेत. टाळूवर तेल जिरवावं. मांजरीला वाटीभर दूध घालावं, तिला मांडीवर घ्यावं, आणि पोथीचं एक पान वाचावं. एकच पान. काम उरलं असलं तरी उठू नये. ह्या वशाला उपास नाही, सवाष्ण नाही, आणि उद्यापनही नाही.

पोथीत एका राणीची गोष्ट होती. राजा रागावला, राणीला वनात धाडलं. मायलेकी दर बुधवारी राणीला एक पान पुढं नेत. जोडाक्षर आलं की धोंडाई अडे, मग मथू सांगे. मथू चुकली की धोंडाई हसे. असं करता करता राणी एका झाडाखाली येऊन उभी राहिली, पाऊल कुठं टाकावं तिला कळेना, आणि इकडे मथूचं लग्न ठरलं.

निघताना धोंडाई म्हणाली, “मथू बाळ, पुढचं पान तुझ्यावाचून उलटायची नाही. तू येशील तेव्हा राणीला घरी नेऊ.”

मथू म्हणाली, “येते गं आई. लवकरच येते.”

सासर नदीपल्याड, तीन कोसांवर. खटल्याचं घर. पाच दीर, त्यांच्या बायका, मुलंबाळं, आलागेला. तवा चुलीवरून उतरत नसे. सासू वाईट होती का? नव्हती हो. कहाण्यांतल्या सासवा वाईट असतात, ही नव्हती. एवढंच, की तिला बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती.

मथूला भाऊ नव्हता. सणावाराला न्यायला मुराळी कोण येणार? मग तिनं आपणच विचारलं, “आत्याबाई, बुधवारी माहेरी जाऊन येऊ का?”

सासू म्हणाली, “जा की. हातातलं काम संपलं की जा.”

ऐकलंत? काम संपलं की! आणि मथूला ते खरं वाटलं. हसू नका गं, तुम्हांलाही रोज खरंच वाटतं.

मग पहिला बुधवार आला. मथू पाय धुवायला उठली, तों उडदाचं पीठ भिजलेलं. म्हणाली, पुढच्या बुधवारी बसेन. दुसरा बुधवार आला, तों कैऱ्या चिरायच्या. तिसरा बुधवार आला, तों कुणाचं डोहाळजेवण. तेल राहिलं, मांजर राहिलं, पान राहिलं. घेतलेला वसा मथूनं असा हळूच खाली ठेवला, आणि ठेवल्याचं तिला कळलंही नाही.

वर्ष गेलं. दारी कासारीण आली. बांगड्या भरता भरता म्हणाली, “तुझ्या आईचा निरोप आहे बाई. म्हणाली, मथूला सांगा, राणी अजून वनातच उभी आहे.”

मथूनं हात ओढून घेतला, त्यात एक बांगडी वाढवली. म्हणाली, “सांगा, पापड वाळले की येते.”

दुसरं वर्ष गेलं. दारी कल्हईवाला आला. भाता हलवता हलवता म्हणाला, “तुझ्या आईचा निरोप आहे बाई. राणी अजून वनातच उभी आहे.”

मथू म्हणाली, “सांगा, लोणचं मुरलं की येते.”

असं म्हणे खरी, पण तिचा जीव कशात लागेना. अंगावर चार दागिने होते, पानात वाढलेलं होतं, नवरा शब्दानं दुखवत नव्हता. तरी पोळी लाटताना तिला मांडीवर मांजरीचा भार जाणवे. खाली पाही, तों पिठाची परात. कुणी तेलाचं बुधलं उघडलं की डोळे भरून येत. तिला राज्य नको होतं, सोनं नको होतं. आईशेजारी बसून एक पान वाचायचं होतं, बस.

विसावाईचा रुसवा घराला लागला. दूध तापवावं, ते नासावं. सांडगे घालावेत, त्यांना पाखरं खावीत. काम दुप्पट झालं, हातांना यश येईना.

तिसरं वर्ष गेलं. दारी एक म्हातारी आली, हातात काठी, पाय धुळीनं भरलेले. मथू ओसरीवर शेवया करत होती. मान वर न करता तिनंच विचारलं, “आजी, आईचा निरोप आणलात? सांगा तिला, शेवया वाळल्या की...”

म्हातारी म्हणाली, “निरोप नाही बाई. तुझ्या आईनं निरोप धाडायचा सोडला.”

एवढं बोलून ती वळली. मथूनं मान वर केली, तों वाट मोकळी. ती विसावाई होती. निरोप येत होते तोवर आई वाट पाहते आहे, हे मथूला ठाऊक होतं. आता काय समजायचं?

हात पिठानं भरलेले, तशी ती सासूपुढं जाऊन उभी राहिली. “आत्याबाई, काम संपलं नाही. संपायचंही नाही. मी आईकडे जाते.”

आता सासू कडाडेल असं वाटलं ना? सासूनं पदर घेतला, मथूचे हात पुसले. म्हणाली, “मथे, माझं माहेर दोनच कोसांवर होतं. मीही म्हणत होते, काम संपलं की जाईन. आई गेल्याचं कळलं तेव्हा मी सांडगे घालत होते. सगळं पीठ संपवलं, मग रडले. तू जा. शेवयांचं मी बघते.”

मथू निघाली. नदी उतरली, तीन कोस चालली. धोंडाई दारात बसली होती. डोळ्यांत सारा आला होता, दिसत नव्हतं. ती म्हणाली, “कोण गं? सूत न्यायला आलीस का?”

“आई, मी.”

धोंडाईनं मान आवाजाकडे वळवली. मग हळूच म्हणाली, “मथू? संपलं काम?”

“नाही आई. टाकून आले.”

“बरं केलंस. दिसेनासं झालं, म्हणून निरोप थांबवले. म्हटलं, निरोप नेणारा हेही सांगेल, उगाच तुझ्या जिवाला घोर.”

वार बुधवार होता. मथूनं आईचे पाय कोमट पाण्यानं धुतले. टाळूवर तेल जिरवलं. मांजर नवं होतं, पण मांडी त्यालाही कळली. पोथी काढली, पान उलटलं, तों काय? पुढली सगळी पानं वाळवीनं खाल्लेली. नुसता भुगा.

धोंडाई म्हणाली, “वाच ना. फार दिवस उभी आहे गं बिचारी.”

मथूनं पोथी तशीच धरली आणि ती वाचू लागली, “मग राणी वनातून निघाली. नदी उतरली, तीन कोस चालली. तिची आई दारात बसली होती...”

धोंडाई हसली. “लबाडे, लहानपणी ही गोष्ट मी माझ्या बापाकडून ऐकली आहे. तीत राणीला आई नाही.”

मथू म्हणाली, “आहे आई. ह्या पानावर आहे.”

धोंडाईनं चाचपून लेकीचा हात धरला. घटका झाली, दोन घटका झाल्या, कुणी उठलं नाही.

मग मथू दर बुधवारी माहेरी जाऊ लागली. दूध नासायचं थांबलं, सांडगे पाखरांपासून वाचले. एका बुधवारी नदीला पूर आला, जाता येईना. मथू परसात पाय धुऊ लागली, तों सासू मागं येऊन उभी राहिली. लाजत म्हणाली, “त्या तुझ्या राणीचं पुढं काय झालं गं?”

मथूनं तिला पाटावर बसवलं, केस सोडले, तेल घेतलं. गोष्ट सुरू केली. राणी दारापर्यंत आली तशी मथू थांबली, म्हणाली, “आत्याबाई, तुमच्या आईचं नाव काय होतं?”

चाळीस वर्षांत त्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. सासूनं वळून तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, “भागीरथी.”

मथू म्हणाली, “मग भागीरथीनं दार उघडलं. म्हणाली, ये बाळ, बस.”

विसावाई जशी मथूला पावली, तिच्या आईला पावली, सासूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. कामं राहोत, माणसं भेटोत. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, ऐकणारीच्या मांडीवर सुफळ होवो, संपूर्ण होवो.