फिलिग्री म्हणजे काय गं?

निळ्यानिळ्या डोंगराच्या कुशीत, राजवाड्याच्या बागेला टेकून एक चिमुकलं कौलारू घर होतं. सगळे त्याला विणकरणीचं घर म्हणायचे, कारण राणीसाहेबांच्या ओढण्यांना क्रोशाच्या नाजूक किनारी विणणारी बाई तिथं राहायची. ती म्हणजे कुमुदची आई.

पण त्या वर्षी आईला मोठा ताप आला. ताप गेला, तो बोटांतलं सगळं बळ घेऊन गेला. बोटं मिटली ती उघडेचनात. इवलीशी कुमुद आईला भरवायची, तिची वेणी घालायची आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून रडून घ्यायची.

एके सकाळी कारभारी आले.

"राजकन्येचं लग्न ठरलंय. पौर्णिमेपर्यंत ओढणीची किनार हवी. आणि राणीसाहेब म्हणाल्यात, फिलिग्री हवी, फिलिग्री!"

"पण कारभारीकाका, आईची बोटं…"

कारभाऱ्यांनी मान खाली घातली. "पोरी, हे घर विणकरणीचं. विणणारं कुणी नसेल, तर दुसरी विणकरीण इथं राहायला येईल. माझ्या हाती काही नाही गं."

फिलिग्री! आईनं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. "परदेशातली एखादी कला असेल, बाळ. मला नाही येत," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. कुमुदनं माळीबुवांना विचारलं, ताकवाल्या आजीला विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. "सोनाराचं काहीतरी असतं म्हणे," एवढंच एकजण बोलला. सोनं! त्यांच्या घरात तर पितळेचा तांब्यासुद्धा एकच होता.

बघता बघता पौर्णिमा चार दिवसांवर आली. पलीकडच्या गावचे मास्तर इंग्रजी शिकलेले होते, पण ते त्याच संध्याकाळी लांबच्या प्रवासाला निघणार होते. कुमुद दोरा आणि क्रोशाची सुई घेऊन बागेतून धावत सुटली.

तेवढ्यात जाईच्या वेलाखालून बारीकसे हुंदके ऐकू आले.

पानांत एक परी बसली होती. वीतभर उंच, गुलाबी, चमचमणारी. पण तिचा एक पंख काट्यांनी फाटून त्याला भोकंच भोकं पडली होती.

"सूर्य मावळायच्या आत उडाले नाही, तर मी दवासारखी विरून जाईन," परी म्हणाली.

कुमुदनं वाटेकडे पाहिलं. मास्तर निघून गेले तर सगळंच संपणार होतं. पण या इवल्या जिवाला असं टाकून जायचं? ती खाली बसली आणि सुई-दोरा काढला. आईजवळ बसून शिकली होती तशी प्रत्येक भोकाच्या कडेला तिनं दोऱ्याची साखळी घातली, आत टाक्यांचे छोटे छोटे खांब उभे केले, मध्ये फुलं गुंफली. बोटं दुखली, ऊन कललं. शेवटची गाठ बसली तेव्हा डोंगरामागं केशरी उजेड जेमतेम उरला होता. मास्तर केव्हाच निघून गेले असणार.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक. गेलेलं परत आणता येत नाही. तयार वस्तू देता येत नाही. आणि दुसऱ्याचं मन बदलता येत नाही."

"म्हणजे आईची बोटं…?"

परीचे डोळे भरून आले. "नाही गं, सोनुले."

"किनार?" परीनं मान हलवली. "आमचं घर?" पुन्हा मान हलली.

कुमुद ओंजळीत तोंड लपवून रडली, रडली. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी थकल्या आवाजात ती म्हणाली, "मग एवढं तरी सांग. फिलिग्री म्हणजे काय?"

परीनं आपला पंख उजेडाकडे धरला. "सोन्याचांदीच्या केसासारख्या तारा गुंफून केलेली जाळी, ती फिलिग्री. पण तसं नाजूक, जाळीदार काहीही दिसलं, तरी लोक हाच शब्द वापरतात. वाळल्या पानाच्या शिरांना, कोळ्याच्या जाळ्याला, लेसच्या नक्षीला. तू आत्ता माझ्या पंखावर केलंस ना? तीच फिलिग्री."

परीनं पंख पसरले. चांदीचा लखलखाट झाला, जाईची फुलं क्षणभर दिव्यांसारखी उजळली आणि परी त्या उजेडातून भुर्रकन उडून गेली.

कुमुद घरी पळाली. तिनं सांगितलं, तशी आई उठूनच बसली.

"अगं, एवढंच होय? जन्मभर मी हेच तर करत आले!" ती हसता हसता रडू लागली. "घे सुई. पाच साखळ्या घाल, बाळ. आता एक खांब…"

तीन दिवस आई सांगत राहिली आणि कुमुद विणत राहिली. पौर्णिमेला राणीसाहेबांनी किनार गालाला लावली आणि विचारलं, "कुणी केली?"

"आईनं आणि मी."

राणीसाहेबांनी तिला जवळ घेतलं. "मग विणकरणीच्या घरात आता दोघी विणकरणी आहेत म्हणायचं."

आईची बोटं काही उघडली नाहीत. पण त्या दिवशी राजवाड्यातून लग्नाचा गरमगरम केशरीभात आला, आणि कुमुदनं पहिला घास आईला भरवला.