हरबाने शेवाळ जपलं

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव हरबा. वय बत्तीस, अक्कल अजून वाटेत. पण सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळ्या भानगडी त्यातूनच व्हायच्या.

त्याची धाकटी बहीण कालिंदी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतींचं शिकायची. गावामागच्या डोंगरात, दूरच्या धबधब्याखाली एक काळा कातळ होता आणि त्यावर मखमलीसारखं शेवाळ उगवायचं. असलं शेवाळ दुसरीकडे कुठे बघितलं नाही, असं तिच्या रेगे मॅडम म्हणायच्या. नेमका त्याच कातळावरून रस्ता जायचा होता. एवढ्या मोठ्या डोंगरात रस्त्याला दुसरी जागाच मिळाली नाही, बिचाऱ्याला. म्हणून कालिंदीने माशांची काचेची पेटी आणली. कातळ गेलाच, तर पेटीत निदान वाण तरी राहील.

गावाने फार कौतुक केलं. "शेवाळाला काचेचा बंगला," शेजारच्या गंगूकाकू म्हणाल्या. "आमची मोरी बघून जा म्हणावं. न लावता आलंय."

कालिंदीने हरबाला कातळावर धाडलं. त्याने मूठभर शेवाळ खरवडलं, टोपीवर ठेवलं आणि भर उन्हात दोन कोस चालत आला. घरी पोचेपर्यंत त्याची तंबाखू झाली होती.

"दादा, जंगलातून आलेली वस्तू सुकू द्यायची नसते. ओल्या फडक्यात गुंडाळायची. वर पाणी शिंपडत राहायचं."

"एवढंच ना? आधी सांगायचंस."

हरबाने मान डोलावली. लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कालिंदीने स्वतः जाऊन शेवाळ आणलं आणि दोऱ्याने दगडाला बांधून पेटीत सोडलं. आता उजेड हवा होता. हरबा तालुक्याहून ट्यूब घेऊन निघाला. तालुक्याची वाट जंगलातून. म्हणजे ट्यूबही जंगलातूनच आली. त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि वाटभर पाणी शिंपडलं. घरी बटण दाबलं, फट् झालं आणि आख्ख्या आळीची वीज गेली.

कालिंदी दचकून पाटावर चढली होती. तिथूनच म्हणाली, "दादा, काचेची वस्तू, नाहीतर काचेच्या पेटीत जायची वस्तू, कोरडी ठेवायची. पुसायची. पेंढ्यात घालून आणायची."

"बरं."

हरबाने मान डोलावली. लक्षात ठेवलं.

मग पेटीतला गाळ खायला मासे हवे झाले. दुकानदाराने पाण्याच्या पिशवीत बारा इवले मासे दिले. हरबाला दुकानदाराची कीव आली. काचेच्या पेटीत जायची वस्तू, आणि हा माणूस पाण्यात घालून देतो. त्याने पाणी ओतून टाकलं, एकेक मासा सदऱ्याने पुसला आणि पेंढ्यात नीट रचला.

घरी आईने पेंढा उलगडला. "सुकट बारीक आहे, पण चालेल," म्हणाली आणि कांदा चिरायला बसली.

कालिंदीने कपाळाला हात लावला. "दादा, बाहेरून जीव आला की त्याला पाण्यात ठेवायचं. पण थेट पेटीकडे न्यायचं नाही. पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवायचं, मीठ घालून, अंधारात. वर झाकण घट्ट. नव्या जागी धडपडतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही. अंगावर गोगलगाय चिकटलीय का, तेवढं बघायचं."

"हे सोपं आहे," हरबा म्हणाला. लक्षात ठेवलं.

आणि कातळ फोडायचा दिवस आला. रेगे मॅडम दुपारच्या एसटीने काम थांबवायचा कागद घेऊन येणार होत्या. यंत्रवाला पुढे सरकू नये म्हणून कालिंदी सकाळपासून कातळावर बसली. आई बाजाराला गेली होती. घरी हरबा.

"दादा, मॅडमना पेटी दाखव आणि कागदासकट लगेच वर घेऊन ये. कागद जिवापाड जप."

दुपार गेली. कालिंदीने मॅडमना दहादा फोन लावला, कुणी उचलेना. दिवस मावळताना यंत्रवाला म्हणाला, "ताई, सकाळी सातला येतो. कागद असला तर माघारी जाईन. नसला तर तुम्ही बाजूला व्हा."

ती धावत घरी आली. हरबा ओसरीवर समाधानाने बसला होता.

"मॅडम आल्या का?"

"केव्हाच. बादलीत मावत नव्हत्या. पाय धुवायला न्हाणीत गेल्या, तशी मी बाहेरून कडी लावली. मीठ टाकलंय, किलोभर. दिवा काढून घेतला. पंधरा दिवसांनी पेटी दाखवू."

न्हाणीचं दार धडधडलं.

"नवी जागा आहे. धडपडतात," हरबा म्हणाला. "पण बाई स्वच्छ. एकसुद्धा गोगलगाय नाही."

"आणि त्यांचा फोन?"

"काचेचा होता. पुसून पेंढ्यात ठेवलाय. पेंढा मघापासून वाजतोय."

कालिंदी न्हाणीकडे धावली, अर्ध्यात वळली. "दादा, कागद कुठंय?"

"मी विचारलं, कागद कुठून आला. म्हणाल्या, जंगलखात्यातून." हरबाने मांडीवरचं ओलं फडकं अलगद उलगडलं. "दुपारपासून पाणी शिंपडतोय. आधी कोपऱ्यात साहेबांच्या हिरव्या शाईची सही तेवढी होती. आता बघ, हिरवं किती पसरलंय. कुठे म्हणून पांढरं राहिलं नाही."