तांबोळणीचा तिरका विडा

एका राज्यात एक राक्षस माजला होता. नाव वज्रजंभ. तलवार मारली तर तलवारीचे तुकडे. जाळायला गेलं तर जाळ विझे. तळ्यात लोटला तर तळं आटलं, आणि तो तळाशी उभा राहून हसला. त्याला वरच तसा होता, दुसऱ्या कुणाच्याही हातून मरण नाही. देव वर देतात तेव्हा पुढचा विचार करत नाहीत, त्याला आपण काय करणार.

राजा भद्रसेनानं दरबार भरवला आणि तबकात विडा ठेवला. त्या राज्याची रीत अशी, की विडा उचलणाऱ्यानं वेशीबाहेर एकट्यानं जाऊन तो खायचा आणि वेशीच्या पांढऱ्या दगडावर पिंक टाकायची. एकदा खाल्ला की काम होईतो त्याचा हात थांबत नाही. आणि तोवर त्याला कुणी अडवायचं नाही, जाब विचारायचा नाही, कुठलंही दार त्याला बंद नाही.

विडा उचलला रणसिंग नावाच्या परक्या सरदारानं. दिसायला राजबिंडा. तो म्हणाला, "महाराज, राक्षस आता माणसाच्या अंगात शिरलाय. मी ओळखून काढतो."

मग तो एकेकाकडे बोट दाखवू लागला. आधी कोतवाल, मग देवळातला पुजारी, मग बाजारातली एक म्हातारी. रणसिंग तलवार चालवी आणि त्या माणसाचा दगड होई. दगडाकडे बघून तो मान हलवी. "निसटला. दुसऱ्यात शिरला." वर्षभरात असे एकवीस दगड चौकात उभे राहिले. लोक मूर्ख. एकालाही वाटलं नाही की हा माणूस दर वेळी चुकतो कसा. उलट घरोघर एकमेकांवर पाळत सुरू झाली. सासू सुनेची सावली मोजी, भाऊ भावाचं ताट हुंगे.

बाविसावं बोट आलं सटवाजी नगारच्यावर. सटवाजी वेशीच्या कमानीवर बसून नगारा वाजवी. त्याची बायको भागू तांबोळीण. दरबाराचे विडे तीच लावी. सटवाजीला कोठडीत टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तलवार चालणार होती.

भागू घरी आली आणि चुलीपाशी बसली. रडली नाही. विचार करत बसली, आणि विचार वाईट होता. गेल्या महिन्यात वरणात मीठ जास्त पडलं होतं. एरवी एवढ्याशा मिठावरून घर डोक्यावर घेणारा नवरा तेव्हा गपगुमान जेवला होता. असा कधी जेवतो का तो? तो सटवाजीच होता कशावरून?

मग दुसरा विचार आला. सगळं गाव सोडून वेशीवरच्याच माणसावर बोट का? वेशीवर असं काय आहे?

ती उठली आणि वेशीच्या पांढऱ्या दगडापाशी गेली. कमानीच्या आडोशाला रणसिंगाची पिंक अजून दिसत होती, तांबडीलाल. भागूनं नख लावलं तर खपली निघाली. बोटावर घेऊन जिभेला लावली.

"गेरू!" ती म्हणाली. "माझा कात दगडात मुरतो, सात पावसाळे जात नाही. हा गेरू आहे मेला."

"बारा महिन्यांत एकजण तरी खाली वाकला," कुणीतरी म्हणालं.

वर कमानीवर लाल डोळ्यांचा भारद्वाज बसला होता.

"तू बोलतोस?"

"मी राजाचा जोशी. रणसिंगाची पत्रिका मांडली, ती राक्षसाची निघाली. त्यानं शाप देऊन पाखरू केलं."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का?"

"मला कुणी विचारलंच नाही."

भागूनं डोळे बारीक केले. "तूच राक्षस नसशील कशावरून?"

"राक्षस असतो तर वर्षभर अळ्या खाल्ल्या असत्या का, बाई?"

हे तिला पटलं. जोशी म्हणाला, "नीट ऐक. त्यानं विडा उचलला, खाल्ला नाही. फेकला तर मान जातो, खाल्ला तर प्राण जातो. म्हणून लपवून ठेवलाय. तुला तीन कामं आहेत. तो विडा आणायचा. वाळलेला आहे, तो हिरवा करायचा. आणि तो त्यानं आपण होऊन खाल्ला पाहिजे. बळजबरीनं चारलेला विडा लागू होत नाही."

पहिलं काम. विडा होता डोंगरात, राक्षसानं शापलेल्या खजिन्यात. तिथून जो दुसऱ्याची वस्तू उचलील तो जागीच आंधळा होई. दारावर मनुष्यवाणीचा नाग होता.

"काय न्यायला आलीस?"

"माझं आहे ते."

"सगळे हेच सांगतात. आत चाळीस आंधळे बसलेत."

"बसू देत. आत एक विडा आहे. त्याची लवंग तिरकी टोचलेली आहे, उजवीकडून डावीकडे. मी डावखुरी आहे. गावात दुसरं कुणी तशी टोचत नाही. आणि मानकऱ्यानं खाल्ला नाही तोवर विडा लावणारीचा."

नागानं फणा बाजूला केला. मोहरांच्या राशीवर विडा पडला होता. भागूनं तेवढाच उचलला. मोहरांकडे बघितलं नाही, असं मी म्हणणार नाही. बघितलं, पण हात लावला नाही.

दुसरं काम. डोंगराच्या पलीकडे एका चेटक्याची विहीर होती. तिच्या पाण्यानं वाळकं पान हिरवं होई.

"पाणी घे," चेटक्या म्हणाला, "पण तुझ्या जिभेची चव मला दे. कायमची."

"मी तांबोळीण आहे. चव गेली तर कात-चुना कसा जमवू?"

"ते तू बघ."

"शाप सुटल्यावर परत मिळेल?"

"हा शाप नाही, बाई. सौदा आहे."

भागू विहिरीच्या काठावर बराच वेळ उभी राहिली. ज्याच्यासाठी चव द्यायची तो नवराच असेल कशावरून, हा किडा अजून डोक्यात वळवळत होता. पण नवरा असला तर? तिनं जीभ बाहेर काढली. चेटक्यानं तिच्यावरून मोराचं पीस फिरवलं. विडा पाण्यात बुडवला, तो आत्ता लावल्यासारखा हिरवागार झाला.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. दुसऱ्या दिवशी भागूनं सकाळीच दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं. तिनं पान पुसता पुसता विचारलं, "काय हो, सरदारांचे दात लसणीच्या पाकळीसारखे पांढरे कसे? माझ्या विड्याचा रंग तर दातांवरून वर्षभर हलत नाही."

बास. एवढंच. ज्या गावाला रणसिंगानं वर्षभर संशय खायला घातला होता, त्या गावाला भूक तर लागलेलीच होती. दुपारपर्यंत बाजारात कुजबुज, संध्याकाळपर्यंत वाड्यात. राजाला रीतीमुळे जाब विचारता येत नव्हता, पण तोही ओठांकडे बघू लागला.

तिसरी सकाळ उजाडली. चौकात सटवाजीला उभा केला. रणसिंगानं तलवार उपसली, पण गर्दी सटवाजीकडे बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे रणसिंगाच्या तोंडाकडे.

"काय बघता रे?" तो गरजला.

"काही नाही, सरदार," एक म्हातारा म्हणाला. "पान चालत नाही वाटतं आपल्याला?"

रणसिंग हसला. बाजारचा साधा विडा, त्याला काय भ्यायचं! त्याला सगळे विडे सारखेच. "पान हवं का तुम्हाला? तांबोळणी, आण इकडे. सगळ्यांदेखत खातो."

भागूनं तबक पुढे केलं. "घ्यावं, सरदार. मी आग्रह करत नाही."

त्यानं आपल्या हातानं विडा उचलला आणि खाल्ला. ओठ लाल झाले. लोक खाली बघू लागले. रणसिंग म्हणाला, "झालं समाधान?" आणि तलवार सटवाजीवर उगारली.

तलवार मधेच वळली. त्यानं मनगट दुसऱ्या हातानं धरलं, तर तो हातही त्याच मुठीला मदत करू लागला. विडा वज्रजंभाला मारण्याचा होता, आणि तो आता पोटात होता. रूप गळून पडलं. सुळे आले, शिंगं आली, आवाज आला, "कुणी लावला हा विडा?"

"वर्षापूर्वी मीच लावला," भागू म्हणाली. "तू आज खाल्लास."

दुसऱ्याच्या हातून मरण नव्हतं. स्वतःच्या हातून आलं. एका घावात मुंडकं पडलं आणि धुराची रेघ होऊन गेलं.

एकवीस दगडांची माणसं झाली. कोतवालानं डोळे चोळत विचारलं, "जेवणाची वेळ टळली का?" भारद्वाजाचा जोशी झाला आणि पहिल्याच श्वासाला राजाची चूक काढू लागला. खजिन्यातल्या चाळीस आंधळ्यांना दिसू लागलं आणि ते मुकाट्यानं रिकाम्या हातांनी घरी गेले. राजानं रीत बदलली. तेव्हापासून तिथं विडा दरबारातच खायचा, आणि तांबोळणीनं जीभ बघायची.

सटवाजी घरी आला. पाटावर बसत म्हणाला, "तुलाही वाटलं होतं का गं, मीच तो म्हणून?"

"वाटलं होतं," भागू म्हणाली. "त्या दिवशी वरण खारट होतं आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

"अगं, तुझे डोळे आले होते. चुलीच्या धुरात बसून रांधलंस. काय बोलणार?"

भागूनं वरण वाढलं. मीठ अंदाजानं टाकलं होतं, जिभेला आता काहीच कळत नव्हतं. सटवाजीनं पहिला घास घेतला.

"कसं झालंय?"

"फर्मास," तो म्हणाला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

भागूनं त्याच्याकडे बघितलं. सगळं कळलं तिला. तिनं संशय घेतला नाही, आणखी एक पळी वाढली. त्यानं तीही संपवली. राक्षस मेला तो असा, आणि ती दोघं जेवली ती अशी.