नळीएवढी नजर

“म्हणजे पंचांगात चंद्रोदयाची वेळ छापलेली असली, तरी जेवायचं नाही?” केतकीनं विचारलं.

“नाही,” माई आगटे म्हणाल्या. “वेळेला का अर्घ्य द्यायचंय मला?”

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत माईंचे यजमान विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. तेव्हा देवापुढं दूर्वांची जुडी ठेवून माई बोलून गेल्या होत्या: हे उठून बसू देत, जन्मभर संकष्टी करीन, आणि चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास घेणार नाही. त्या बोलण्यात आणखीही एक गोष्ट होती. ती त्या सहसा कुणाला सांगत नसत.

यजमान उठले. माईंनी शब्द पाळला. ढगांमागचा चंद्र हुडकता हुडकता आजूबाजूच्या चांदण्यांची ओळख झाली, मग घरात दुर्बीण आली, आणि डोंगरातल्या त्या लहानशा गावी आकाश शिकायला लांबून माणसं येऊ लागली.

केतकी त्यांतलीच. पुण्याहून आली होती, गाडीची डिकी भरून. चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं.

“तशी आजची रात्र वायाच,” ती म्हणाली. “चंद्र वर आला की त्याच्या उजेडात फोटोत काही उतरत नाही. म्हटलं, तुमच्याशी तरी बोलून घ्यावं.”

“मी सकाळपासून ज्याची वाट बघतेय, तो तुला नकोसा झालाय!” माई हसल्या. “बरं, विचार.”

“माझं कमी काय पडतंय, ते सांगा.”

गच्चीवर तिनं सगळं मांडून ठेवलं होतं. दुर्बीण. ताऱ्यांच्या चालीनं फिरणारा मोटरचा स्टँड. कॅमेरा, फिल्टर, भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळायचा गरम पट्टा, लॅपटॉप, बॅटरी, आणि ती संपली तर दुसरी बॅटरी.

“अगं, रुखवत मांडलंयस की काय?”

“हसू नका ना, माई. गेल्या वर्षी माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालंय. पण मला हवा तसा तो अजून येत नाही. कडेचे तारे लांबट होतात. कुणी म्हणतं स्टँड बदल, कुणी म्हणतं फिल्टर बदल. तुम्ही सांगाल ते घेते. उद्याच घेते.”

“एवढी घाई?”

केतकी हातातला लाल टॉर्च उगाच चालू-बंद करत राहिली…

“अण्णांसाठी आहे,” शेवटी ती म्हणाली. “माझे वडील. लहानपणी खांद्यावर बसवून मृग त्यांनीच दाखवला मला. आता काचबिंदू झालाय. नजर कडेकडेनं मिटत आलीय, मधे नळीएवढी उरलीय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत तीही… त्याच्या आत मृगातल्या तेजोमेघाचा फोटो मला त्यांच्या खोलीत लावायचाय. भिंतीएवढा.”

माईंनी मूठ पोकळ वळली, डोळ्याला लावली आणि जिन्याच्या भिंतीकडे पाहिलं. मान इकडून तिकडे फिरवली. मग वरून खाली.

“भिंतीएवढा?”

“हो.”

“नळीएवढ्या नजरेला?”

टॉर्च चालूच राहिला…

डोंगराच्या कडेला उजेड फुटला. माईंनी पदर सावरला, हात जोडले. चतुर्थीचा चंद्र तांब्याच्या घंगाळासारखा लालसर वर आला. त्यांनी पळीनं अर्घ्य सोडलं, अक्षता वाहिल्या.

“आता तुझ्या दुर्बिणीतून दाखव.”

केतकीनं दुर्बीण वळवली. माई वाकल्या. नळीच्या मागं गेल्या, बाजूला गेल्या, पुन्हा मागं आल्या.

“डोळा कुठं लावू गं?”

“डोळा नाही माई, तिथं कॅमेरा बसतो.”

“आणि माणूस?”

“माणूस… इकडं. स्क्रीनपाशी.”

“डोळा लावायचं भिंग असेल ना?”

“आयपीस? आहे की. घरी असेल. खोक्यातून कधी काढलंच नाही.”

“अण्णांनी मागितलं नाही कधी बघायला?”

“मागायचे.” केतकीनं टॉर्च विझवला. “मीच म्हणायचे, थांबा, आधी सगळं नीट जमू दे…”

“आता मागतात?”

केतकीनं नकारार्थी मान हलवली.

माई खाली गेल्या. देवघरातून कुंकवाचा जुना लाकडी करंडा घेऊन आल्या. आत कापसात गुंडाळलेलं आयपीस होतं.

“माझी दुर्बीण शाळेला देऊन टाकली. हे ठेवलं. बसेल बघ तुझ्या नळीत.”

बसलं. केतकीनं कॅमेरा काढून पायाशी ठेवला, चंद्र नळीत आणला आणि आयपीस पुढं-मागं करत स्पष्ट केला. माईंनी पाहिला. मग बाजूला झाल्या.

केतकीनं डोळा लावला.

चंद्र थरथरत होता. विहिरीत पडलेल्या प्रतिबिंबासारखा. विवरांच्या कडा हलत होत्या, निवत होत्या, परत हलत होत्या. फोटो करताना हे थरथरणं ती निवडून निवडून काढून टाकायची. आज ते काढायला हातात काही नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. आभाळभर एवढंच एक गोल भोक, आणि त्यात तो. कडेला काळोख. कडेचं काही दिसत नव्हतं, आणि कडेचं काही लागतही नव्हतं…

ती सरळ झाली. डोळे पुसले.

“माई, अण्णांना हे…”

“चल खाली. पानं वाढलीत.”

स्वयंपाकघरात दोन पानं मांडलेली होती. वरण-भात, अळूची भाजी, वाफाळलेले मोदक. माईंनी नैवेद्य दाखवला, चित्राहुती घातल्या आणि पहिला घास घेतला. माईंच्या सोबतीनं केतकीही दिवसभर उपाशी होती. तिनं पाट ओढला, हात पुढं केला.

माईंनी तिचं पान मागं सरकवलं.

केतकी बघतच राहिली. माईंच्या घरून कुणी उपाशी गेल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

“माई? माझं काही चुकलं का?”

माई उठल्या. फडताळातून डबा काढला. भात भरला, भाजी भरली, मोदक घातले. दोन माणसांचे. वर करंडा ठेवला.

“चंद्र शहरातल्या गच्चीवरूनही दिसतो. आणि आता सकाळपर्यंत कुठं जात नाही.”

“पण मी सकाळपासून…”

“मीही. देवाला मी नुसतं पाहीन म्हणाले नव्हते, बाळ. कुणाला तरी दाखवीन म्हणाले होते.” त्यांनी डबा तिच्या हातात दिला. “मी दाखवला, मी जेवले. तू दाखवशील, तेव्हा जेव.”