फॉरमॅट मारण्याआधी

“मग फॉरमॅट मारू ना, बुवा?”

त्र्यंबकने हे तिसऱ्यांदा विचारलं. मठाचे प्रमुख रत्नाकरबुवा खिडकीशी बसून उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसत होते.

मठातला कॉम्प्युटर चैत्रापासून रखडत होता. जुन्या पोथ्यांचे फोटो त्यात होते. एक पान उघडायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात माणूस विहिरीवरून कळशी भरून आणेल. कॉम्प्युटरची देखभाल त्र्यंबककडे होती. मठात त्याला अकरा वर्षं झाली होती.

पद्मनाभला येऊन वर्षही झालं नव्हतं. तरी मठातली सर्वांत जुनी पोथी बुवांनी त्याच्या हाती सोपवली होती. त्याच पोथीसाठी त्र्यंबक नऊ वर्षं थांबला होता. पद्मनाभ रोज सकाळी या कॉम्प्युटरवर तिची टिपणं लिहायला बसे, आणि तिकडे त्र्यंबकच्या घशाखाली घास उतरत नसे.

आत्ता पद्मनाभ मागच्या अंगणात पोथ्यांना ऊन देत होता.

“तो काय म्हणतो?” बुवांनी विचारलं.

“तो म्हणतो, आधी दुखणं शोधू. त्याला काय कळतंय त्यातलं? सगळं पुसून नव्याने टाकलं की संध्याकाळपर्यंत पळायला लागेल.”

“फोटो?”

“दुसऱ्या डिस्कवर आहेत.”

“आणि त्याची टिपणं?”

“ती... परत लिहिता येतील.”

“काढून ठेवता येत नाहीत?”

त्र्यंबक कीबोर्डवरची धूळ पुसत म्हणाला, “येतील. वेळ लागेल.”

बुवांनी चष्मा चढवला. उठून ते त्याच्या शेजारी येऊन बसले.

“आत्ता यात काय काय चालू आहे, ते दिसतं का?”

त्र्यंबकने नाइलाजाने यादी उघडली. बुवांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय?”

“मराठी टायपिंगचं.”

“हे?”

“प्रिंटरचं.”

बोट खाली सरकलं आणि एका ओळीवर थांबलं.

“आणि हे? याचा आकडा सगळ्यांत मोठा दिसतो.”

अंगणातून पोथ्या बांधायच्या लाकडी फळ्या ठेवल्याचा आवाज आला.

“ते मी बसवलंय,” त्र्यंबक म्हणाला.

“काय करतं ते?”

“पद्मनाभ काम करतो तेव्हा दर अर्ध्या मिनिटाला स्क्रीनचा फोटो काढतं. चैत्रापासून.”

बुवांनी त्या ओळीवरचं बोट काढून घेतलं.

“तुम्ही त्याला काय शिकवता, ते मला बघायचं होतं. मला जे दिलं नाही, ते त्याला काय दिलंत...” त्र्यंबकचा आवाज चिरकला. “रोज दुपारी दार लावून मी ते फोटो बघतो.”

“सापडलं?”

“नाही. एकेका अक्षरासाठी तो तासतास अडतो. खोडतो, परत लिहितो. एका ठिकाणी लिहिलंय, ‘या अक्षराचं त्र्यंबकदादांनी सांगितलेलं वाचन बरोबर, माझं चुकलं.’ ते वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही.”

“का?”

“राग आला, बुवा. त्याने वाईट लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.”

बुवांनी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं.

“फॉरमॅट मारला तर हे तुझं जाईल?”

“जाईल. कुणाला कळणारही नाही.”

“आणि टिपणंही जातील.”

त्र्यंबकने माउस हातात घेतला आणि ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पोथीचं पहिलं पान उघडलं, तेही लगेच.

“दुरुस्त झाला,” तो पुटपुटला. “ते स्क्रीनचे फोटो राहिलेत. दोन महिन्यांचे. तेवढे पुसतो.”

त्याचा हात बटणाकडे गेला. बुवांनी तो मनगटाशी धरला.

“राहू देत. पद्मनाभला हाक मार.”

“त्याला दाखवू?... कुठल्या तोंडाने?”

“बोलाव. आता दार न लावता, त्याच्या शेजारी बसून बघ. या मठात इतकं एकचित्त होऊन तू दुसरं काहीच पाहिलेलं नाहीस.”