धडधाकट घरातला वैद्य

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ते गाव आता नाही, पण तिथली खोड अजून जिवंत आहे, म्हणून सांगतो.

त्या गावात एक म्हातारा वैद्य होता. ऋतू बदलला की तो घरोघर फिरे. नाडी बघे, झोप लागते का, काय पचतं, काय बाधतं, सगळं विचारी. आजारी कोणी नसलं तरी! लोक वैतागत. धडधाकट घरात वैद्याचा पाय लागणं अपशकुन, असं तिथे मानत.

गावातल्या कापडाच्या व्यापाऱ्याला आईवेगळी एकुलती एक लेक होती, सगुणा. त्याचा तिच्यावर फार जीव. तिला दृष्ट लागेल म्हणून त्याने वैद्याला पायरी चढायची बंदी केली.

एके दिवशी राजधानीतून दुसरा वैद्य आला. अंगावर भरजरी शाल, मागे छत्री धरणारा गडी. तो कुणाला काही विचारत नसे. लोक म्हणाले, "खरा वैद्य हाच. विचारावं लागतं तो कसला वैद्य?" सगुणाला खोकला झालाच होता. कापड घेताना दोरा उसवून बघणारा तिचा बाप, इथे मात्र शालीवर भाळला.

त्या वैद्याने बिब्याचं औषध दिलं आणि तो पुढच्या गावाला गेला. संध्याकाळपर्यंत पोरीचं तोंड सुजलं, श्वास कोंडू लागला. बाप अनवाणी म्हाताऱ्याकडे धावला.

म्हातारा लगेच आला. त्याने होतं नव्हतं ते सगळं केलं, पण पोर हाती लागली नाही.

तिचे डोळे मिटून तो म्हणाला, "शेटजी, ही दोन वर्षांची होती तेव्हा बिब्याच्या नुसत्या डागाने सुजली होती. तुम्ही व्यापाराला परमुलखात होता. एकदा मला विचारायचं होतं हो."

दारात जमलेली माणसं कुजबुजली, "बघा, वैद्याचा पाय लागला आणि पोर गेली."

बापाला खरं काय ते ठाऊक होतं. पण बोलावं तर पोरीला आपणच मारलं असं होत होतं. त्या मेल्याने खरं सांगितलंच नाही! त्या दिवसापासून साऱ्या गावाने म्हाताऱ्याला दारं बंद केली. पुढच्या साथीत गाव ओस पडलं.

धडधाकट असताना जो आपल्याला ओळखून ठेवतो तोच आपला वैद्य. त्याला दारातून परतवू नये.